जंगलाकाठच्या गावाला सबसिडी नको, भांडवल द्या

चंद्रपूरकडे वाघाच्या हल्ल्यात कोणी गेलं की पुढचे चार दिवस ठरलेला वाद सुरू होतो. एक जण म्हणतो मोबदला वाढवा, दुसरा म्हणतो गावंच उठवून दुसरीकडे न्या, तिसरा म्हणतो अजून रिसॉर्ट येऊ द्या, पोरांना नोकऱ्या लागल्या की तीच पोरं वाघ सांभाळतील. आणि एक चौथा असतो, तो हल्ली जरा जास्तच बोलायला लागलाय, त्याचं म्हणणं की या गावांना किती द्या पुरतच नाही, गॅस दिला, शेळ्या दिल्या, शिलाई मशिनी दिल्या, शेवटी जंगलात जाणं थांबलं का? चौघेही तावातावाने बोलतात, चौघांच्याही बोलण्यात थोडं थोडं खरं असतं, आणि चौघांच्याही डोक्यात गाव म्हणजे हात पुढे करून बसलेला माणूस असतो, भांडण फक्त त्या हातावर काय ठेवायचं याचं. त्या गावातली बाई वर्षानुवर्षं धंदा करतेय, मोहफूल विकते, मध विकते, बांबूच्या टोपल्या विकते, आणि तो धंदा भांडवलावाचून दरवर्षी मार खातो, हे या वादात कुणाच्या गावीही नसतं.

तर माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. राखीव जंगलाच्या, अभयारण्याच्या काठावर जे छोटे धंदे चालतात किंवा चालू शकतात त्यांना वस्तू वाटणं बंद करा आणि खेळतं भांडवल द्या. कर्ज म्हणूनच द्या, व्याजासकट द्या, पण त्याचा हप्ता जंगलाच्या हंगामाप्रमाणे असू द्या, ते ग्रामसभेच्या किंवा बचत गटांच्या संघाच्या हातून जाऊ द्या, आणि त्याला जंगलाची एक अशी अट जोडा जी गावातल्या कुणालाही डोळ्याने बघून तपासता येईल. सरकारी पैसा यात कुठे लागेल? बुडीत सोसायला. बकऱ्या विकत घ्यायला नाही.

मोहाचं उदाहरण घेऊ, कारण यात सगळी गंमत एका झाडाखाली दिसते. मार्च-एप्रिलमध्ये फूल गळतं, तेही पहाटे. बाई अंधारातच निघते, उशीर केला तर गुरं, हरणं, अस्वलं आधी साफ करून जातात. झाडाखाली पाचोळा असेल तर फूल सापडत नाही म्हणून आधी पाचोळा पेटवून जागा मोकळी करायची, वारा असला की ती आग पुढे सरकते, आणि विदर्भातल्या उन्हाळी वणव्यांचं हे एक मोठं कारण आहे हे फॉरेस्ट गार्डपासून सगळ्यांना माहितीय. मग दोन-तीन तास वाकून किंवा उकिडवं बसून वेचायचं, आणि वाकलेला माणूस वाघाला माणसासारखा दिसत नाही असं वनखात्यातलेच लोक सांगतात. घरी आणून फूल वाळवलं की ते लगेच दारात आलेल्या व्यापाऱ्याला देऊन टाकायचं, कारण पुढे लग्नसराई, त्याच्यापुढे खरिपाचं बियाणं, हातात रोख नाही. तोच मोह पावसाळ्यात चढ्या भावाने विकला जातो आणि कित्येक घरं आपलंच फूल तेव्हा परत विकत घेतात. आता यावर उपाय काही रॉकेट सायन्स नाही. झाडाखाली जाळी बांधायची, फूल जाळीवर पडतं, पाचोळा जाळावा लागत नाही, वाकावं लागत नाही, उजाडल्यावर चार बायका मिळून गेल्या तरी माल तिथेच असतो आणि स्वच्छही असतो. आणि गावात एखाद्या खोलीत माल तीन-चार महिने धरून ठेवायचा. जाळीला पैसे लागतात, माल धरायचा तर बाईला मधल्या काळात उचल द्यावी लागते. दोन्ही मिळून एका घरामागे काही हजारांचा मामला. हे काही हजार नेमके मार्च महिन्यात कुठून येणार, एवढाच खरा प्रश्न आहे, आणि त्यावर कोणी पॅनल डिस्कशन ठेवत नाही.

बघायला गेलं तर आज तीन दारं आहेत. पहिलं योजनेचं. यात वस्तू येते, हंगामाला धरून नाही तर मार्चएंडला धरून येते, आणि लाभार्थ्यांची यादी कोणी केली यावर गावात दोन वर्षं बोलचाल बंद राहते. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना 2015 पासून आहे, तिच्यातून गॅस जोडण्या आल्या, सरपणासाठी जंगलात जाणं कमी व्हायला त्याचा उपयोगही झाला, मी नाही म्हणत नाही. पण गॅस हा धंदा नाही, दुसरा सिलिंडर भरायला पैसे कुठून आणायचे ते कोणी सांगितलं नाही. दुसरं दार बँकेचं. तिथे तारण मागतात. जमीन भोगवटादार वर्ग दोनची, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी, किंवा वनहक्काचा पट्टा, जो कायद्यानेच वारसाला जातो पण विकता येत नाही की दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, मग बँक तो ठेवून करणार काय? मुद्रा लोनला तारण लागत नाही हे खरंय, कागदावर काही लाखांपर्यंत मिळतंही, पण त्याचा ईएमआय बहुतेक वेळा पुढच्याच महिन्यापासून चालू होतो आणि मोहाचा, मधाचा, होमस्टेचा पैसा काही दर महिन्याच्या पाच तारखेला येत नाही. राहिलं तिसरं दार, मायक्रोफायनान्सचं. ते मात्र सताड उघडं. बाईकवरून माणूस येतो, दहा बायकांना एकमेकींची जामीन करतो, वीस-पंचवीस टक्के व्याज आणि हप्ता आठवड्याला नाहीतर पंधरवड्याला. हा हप्ता भरायला जंगलातून दर आठवड्याला काहीतरी विकायला आणावं लागतं, म्हणजे सरपणाचा भारा. कर्ज कसं द्यायचं यावरून जंगल वाचतं की तुटतं हे ठरतं ते असं.

आता समोरच्यांचा सगळ्यात भारी मुद्दा घेतो, कारण तो मला स्वतःला बराच पटतो. तो असा की वाघ वाचवायची किंमत ही गावं देतायत, पीक रानडुकरं खातायत, गुरं वाघ नेतोय, माणसं जातायत, आणि फायदा सगळ्या देशाला, फोटो काढणाऱ्यांना, नद्यांच्या खालच्या शहरांना. मग या लोकांना वर व्याज कसलं मागता? त्यांना द्यायचंच आहे तर फुकट द्या, तो त्यांचा हक्क आहे. अगदी बरोबर. माणूस गेला तर महाराष्ट्रात आता 25 लाख मिळतात, पिकाची नुकसानभरपाई मिळते, ती अजून वाढवा, वेळेवर द्या, पंचनाम्याचे हेलपाटे कमी करा, माझी काही हरकत नाही. पण भरपाई ही झालेल्या नुकसानीची असते, धंद्याचं भांडवल नसतं, आणि या दोन गोष्टी एका पिशवीत घातल्या की दोन्हीची वाट लागते. हक्काचा पैसा द्यायचा सोडून सरकार शेळी देतं आणि म्हणतं झाली भरपाई. आणि शेळी घेणारा म्हणतो ही भरपाईच आहे, हिच्यावर धंदा कशाला करू, विकून टाकतो. दोघंही आपापल्या जागी बरोबर. फुकट दिलेल्या वस्तूचा आणखी एक तोटा म्हणजे ती एकदाच मिळते आणि एकालाच मिळते, तर फिरतं भांडवल या वर्षी एका गटाने फेडलं की पुढच्या वर्षी दुसऱ्या गटाला जातं. ज्या गावात ऐंशी घरं आहेत आणि योजनेत बारा घरांना शेळ्या आल्या तिथल्या उरलेल्या अडुसष्ट घरांनी जंगल का सांभाळायचं?

दुसरा मुद्दा कर्जाच्या भीतीचा. विदर्भात कर्ज हा शब्द काढला की माणूस सावध होतो, आणि झालाच पाहिजे. कर्जात बुडालेला माणूस जंगलाला सगळ्यात धोकादायक, तो उद्याचा विचार करू शकत नाही. पण मग आपला इतिहास काय सांगतो ते पण बघा. 12 मे 1875 ला पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची घरं-दुकानं फोडली, कर्जखतं आणि दस्त जाळले, ते लोण पुणे-नगरकडच्या कितीतरी गावांत पसरलं. इंग्रजांनी आयोग नेमला आणि 1879 ला डेक्कन अॅग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ अॅक्ट आणला, जमीन जप्तीवर बंधनं घातली. चांगलंच केलं. पण सावकाराला आवरलं आणि त्याच्या जागी दुसरं कोणी उभं केलं नाही, तर सावकाराने हात आखडता घेतला आणि ज्याला गरज होती तो आणखी आडवळणाच्या, आणखी वाईट कराराकडे गेला. सहकारी पतपेढ्यांचा कायदा यायला 1904 उजाडलं, मधे पंचवीस वर्षं गेली. आज आपण तेच करतोय, कर्ज वाईट म्हणून बोलतो, बँकेला ढकलत नाही, आणि मायक्रोफायनान्सची बाईक रोज गावात जाते. बाई कर्ज घेणारच आहे. कुणाकडून आणि कोणत्या अटीवर, एवढंच आपल्या हातात.

तिसरा मुद्दा अभ्यासू लोकांचा, आणि तो दुर्लक्ष करण्यासारखा अजिबात नाही. ते म्हणतात की गावाचं उत्पन्न वाढलं की जंगल वाचतं हे गृहीतकच कच्चं आहे, पैसा आला की माणूस अजून दोन गुरं घेतो, ट्रॅक्टर घेतो, बफरमधली, म्हणजे राखीव गाभ्याभोवतीच्या पट्ट्यातली, जमीन विकून टाकतो, जंगलावरचा भार उलट वाढतो. याचं उदाहरण शोधायला लांब जायला नको. भंडारदऱ्याचे काजवे. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या परिसरात पावसाच्या तोंडावर काजव्यांचा सीझन असतो, गावातल्या पोरांनी धरणाकाठी तंबू लावले, घराघरात जेवणं सुरू झाली, चार पैसे आले, छान झालं. मग शनिवार-रविवारी गाड्यांच्या रांगा लागायला लागल्या, हेडलाइटचा झोत झाडांवर, मोबाइलचा फ्लॅश, पायाखाली गवत, आणि काजवा म्हणजे अंधारात एकमेकांना शोधणारा किडा, त्याला उजेडात जोडीदार कसा सापडणार? शेवटी वनखात्याला वेळा ठरवून द्याव्या लागल्या, बंधनं घालावी लागली. धंदा उभा राहिला, पण त्याला मर्यादा कोणी घातली नव्हती. म्हणजे अभ्यासू लोक बरोबर आहेत, नुसता धंदा जंगल वाचवत नाही.

पण यातून "म्हणून धंद्याला पैसा देऊ नका" हे निघत नाही, "म्हणून पैशाला अट घाला" हे निघतं. आणि अट पैशाला घालता येते ती कर्जात, कारण कर्ज दरवर्षी नव्याने मिळतं. शेळी एकदा दिली की तुमचं तिच्यावर काही चालत नाही. मोहाच्या जाळीच्या कर्जाला अट सोपी आहे, तुमच्या गावाच्या हद्दीत या उन्हाळ्यात झाडाखाली पाचोळा पेटला नाही तर पुढच्या वर्षी व्याज दोन टक्के कमी आणि उचल जास्त. हे तपासायला सॅटेलाइट लागत नाही, सल्लागार लागत नाही, जळलेली जागा गावात सगळ्यांना दिसते. तंबूवाल्यांच्या कर्जाला अट, एका रात्रीत इतकेच तंबू आणि गाड्या गावाबाहेर. मधाला अट, पोळं सगळं कापायचं नाही, पिलावाचा भाग ठेवायचा. मात्र एक सांगतो, अट वरून ठरवली की फसते. कास पठार बघा, 2012 ला पश्चिम घाटाच्या 39 ठिकाणांपैकी एक म्हणून जागतिक वारशात गेलं, गर्दी वाढली म्हणून कुंपण घातलं, तिकीट लावलं, आजूबाजूच्या गावांची संयुक्त वन व्यवस्थापन समिती ते सगळं बघायला लागली, गावच्या पोरांना कामं मिळाली, हे सगळं चांगलं. पण कुंपणाने गुरंही बंद झाली, गवत माजलं, फुलं कमी झाल्याची ओरड सुरू झाली, आणि शेवटी ते कुंपण काढायची वेळ आली. गुरं चरली की फूल येतं हे तिथल्या गुराख्याला विचारलं असतं तर पहिल्या दिवशीच सांगितलं असतं. म्हणून अट कुणी ठरवायची, तर गावाने वनखात्याबरोबर बसून, आणि दरवर्षी बदलायची सोय ठेवून.

रिसॉर्टवाल्यांबद्दल. त्यांचा युक्तिवाद मी आधी पूर्ण ऐकतो, कारण त्यात दम आहे. ताडोब्यात मोहर्लीला, कोलाराला जाऊन बघा, गाइड गावचे, जिप्सी ड्रायव्हर गावचे, बायका पण गाइड झाल्यात, वीस वर्षांपूर्वी यातलं काही नव्हतं. मोठं भांडवल आलं म्हणून टुरिस्ट आला, टुरिस्ट आला म्हणून जिप्सी फिरली. मान्य. पण ही सगळी कमाई एका गेटवर उभी आहे, आणि गेट बंद झालं की काय होतं ते आपण दोनदा पाहिलंय. 2012 च्या जुलैत सुप्रीम कोर्टाने व्याघ्र प्रकल्पांच्या कोअरमधलं, म्हणजे गाभ्यातलं, पर्यटन अंतरिम आदेशाने थांबवलं, ऑक्टोबरपर्यंत कुणालाच पुढचं माहीत नव्हतं. आणि 2020 च्या मार्चमध्ये कोरोनाने सगळीच गेट बंद केली. ज्या पोरांनी कर्ज काढून जिप्सी घेतलेली त्यांचं काय झालं? मोरेटोरियम मिळालं, म्हणजे हप्ते काही काळ थांबले, पण व्याज चालूच राहिलं. रिसॉर्टच्या मालकाचे अजून चार ठिकाणी धंदे असतात, जिप्सीवाल्याची एकच जिप्सी असते. त्यात दर पावसाळ्यात कोअर तीन महिने बंदच असतं, हप्ता मात्र बारा महिन्यांचा. मग या माणसाला नऊ महिन्यांचा हप्ता बांधून द्यायला कुठल्या बँकेला कुठला कायदा आडवा येतो? आणि ताडोब्याचा बफर हजार चौरस किलोमीटरच्या वर आहे, त्यातल्या गेटजवळच्या गावांना पर्यटन दिसतं, बाकीच्यांना नुसता वाघ दिसतो. त्या बाकीच्यांसाठी रिसॉर्टवाल्यांकडे काही उत्तर नाही, ते देणारही नाहीत, तो त्यांचा धंदाच नाही.

याच्या उलट मला वेळासचं उदाहरण जास्त शिकण्यासारखं वाटतं. मंडणगड तालुक्यातलं छोटं गाव, समुद्रकाठचं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने 2002 मध्ये तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी वाचवायला घेतली, 2006 पासून कासव महोत्सव सुरू झाला, आणि लोक घराघरात राहायला लागले. तिथे काय झालं नीट बघा. घरटी शोधणं, अंडी जाळीच्या आत सुरक्षित ठेवणं, पन्नास-पंचावन्न दिवस राखण, हे काम संस्थेने आणि वनखात्याने केलं, त्याचा खर्च काही कुठल्या धंद्यातून निघत नाही, तो अनुदानाचाच भाग आणि तसाच असायला पाहिजे. आणि होमस्टे मात्र घरच्यांचे, पडवीत गाद्या, घरचं जेवण, स्वतःचा पैसा, स्वतःची रिस्क. कासवाला अनुदान, जेवणाला भांडवल. ही विभागणी तिथे आपोआप झाली म्हणून ते टिकलं असं मला वाटतं. ज्या वर्षी घरटी कमी लागतात त्या वर्षी पाहुणे कमी येतात, मोठं कर्ज काढून तीन मजले चढवले असते तर मालक बँकेच्या दारात उभा असता.

आता "गावाच्या हातात पैसा दिला की पुढारी खातात" हा मुद्दा. खातात. याला आपल्याकडे जुना दाखला आहे, जंगल कामगार सोसायट्यांचा. 1947 च्या सुमारास, बाळासाहेब खेर मुख्यमंत्री असताना, ठेकेदारांच्या पिळवणुकीतून आदिवासींना सोडवायला मुंबई राज्यात या सोसायट्या निघाल्या, जंगलातले कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेले तुकडे, लिलावात ठेकेदाराला न देता सोसायटीला द्यायचे, मजुरी आधी द्यायची, माल नंतर विकायचा. कल्पना फार मोठी होती आणि सुरुवातीला चाललीही. पुढे अनेक ठिकाणी सोसायटी नावाला आदिवासींची आणि मागे तोच लाकडाचा व्यापारी अशी गत झाली. आणि 1980 नंतर तोडच कमी झाली तेव्हा उरलेल्यांचाही जीव गेला, कारण सगळा धंदा झाड तोडण्यावर. यातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. एक म्हणजे हिशोब सभेत वाचून दाखवला गेला पाहिजे, भिंतीवर लिहिला गेला पाहिजे, कोणाला किती दिले आणि कोणाचे किती राहिले, सगळ्यांसमोर. दुसरी, एकाच मालावर गावाला उभं करू नका. गोंडपिपरी तालुक्यातलं पाचगाव बघा, 2012 ला सामूहिक वनहक्क मिळाला, बांबू ग्रामसभा स्वतः विकते, आणि तेंदूपत्त्यासाठी फांद्या छाटतात, आग लावतात म्हणून तो तोडणंच त्यांनी थांबवलं, हातचं उत्पन्न सोडून. ज्याच्या हातात हिशोब असतो तो असा निर्णय घेऊ शकतो. शिवाय गावात पैसा खाल्ला जातो म्हणणाऱ्यांनी एक आठवावं, 2023 मध्ये ताडोब्याच्याच ऑनलाइन सफारी बुकिंगच्या पैशांत बारा कोटींच्या वर घोळ झाल्याची फिर्याद पोलिसात गेली, ती काही मोहर्लीच्या बचत गटाविरुद्ध नव्हती.

पैसा आणायचा कुठून हा प्रश्न उरतो, आणि इथे मला सगळ्यात जास्त चीड येते कारण पैसा तिथेच आहे. व्याघ्र प्रकल्पांसाठी वन्यजीव कायद्यात 2006 च्या दुरुस्तीने टायगर कन्झर्वेशन फाउंडेशनची सोय झाली, गेटचा पैसा त्यात जातो, मंत्रालयात जात नाही. नेपाळने तर याच्यापुढे जाऊन कायद्यातच लिहिलं की राष्ट्रीय उद्यानाच्या उत्पन्नातले 30 ते 50 टक्के बफरमधल्या लोकांच्या समित्यांना द्यायचे. तिथल्या चितवन राष्ट्रीय उद्यानाच्या बफरमध्ये त्यातून छोटी कर्जं फिरतात. आपल्या फाउंडेशनने तर कर्ज द्यायचीसुद्धा गरज नाही. त्याने फक्त एक रक्कम बाजूला ठेवायची आणि बँकेला सांगायचं की या संघाला तू कर्ज दे, पहिले वीस टक्के बुडाले तर ते आमचे. मग बँकेला तारण कशाला पाहिजे? बचत गटांची थकबाकी देशभरात एकआकडी टक्क्यांत असते, म्हणजे ते वीस टक्के बहुतेक जागचे हलणारही नाहीत. आणि हे काही परदेशातून आणलेलं डोकं नाही. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी 1950 मध्ये प्रवरेला सहकारी साखर कारखाना काढला तेव्हाही शेतकऱ्यांचे शेअर, सरकारचं भागभांडवल आणि वर कर्ज अशीच रचना होती, धोक्यातला वाटा सरकारने उचलला म्हणून बाकीचा पैसा आला. पुढे साखरेचं काय झालं, पाणी किती प्यायली आणि राजकारण किती, तो वेगळा विषय, त्यावर बोलायला बसलो तर हा लेख संपायचा नाही.

"आणि बुडालंच तर?" असं एक बँकेतले ओळखीचे गृहस्थ मला नेहमी विचारतात, जरा हसून. बुडेल ना थोडं. एखाद्या वर्षी मोह गळणारच नाही, अवकाळी येईल, एखादा अध्यक्ष पैसे घेऊन लग्न उरकेल. पण शिलाई मशीन वाटली तेव्हा ती शंभर टक्के बुडीतच होती, पहिल्या दिवशीच, फक्त तिला बुडीत म्हणत नाहीत, तिला खर्च म्हणतात आणि त्याचा फोटो छापून येतो. शंभर रुपयांतले दहा बुडाले आणि नव्वद पुढच्या वर्षी दुसऱ्या गावात जाळी बांधायला गेले, तर बँकेच्या वहीत ते वाईट कर्ज आणि योजनेच्या वहीत त्याहून वाईट खर्चाला शाबासकी, ही कसली हिशोबाची रीत? पुढचा मोहाचा हंगाम मार्चमध्ये आहे. जाळ्या जानेवारीत घ्याव्या लागतात, त्याचा ठराव डिसेंबरच्या ग्रामसभेत व्हावा लागतो, आणि बँकेला हमीचं पत्र त्याच्याही आधी जावं लागतं. फाउंडेशनच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा एक विषय घ्यायला कोणाची परवानगी लागते, ते एकदा कोणीतरी सांगावं.